पाळलेला जीव गेल्यावर: बौद्ध साधना आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी मांजर ठमी चौदा वर्षांची होऊन किडनीच्या आजारानं गेली. त्या काळात मी रोज ध्यानाला बसत होते, सुत्तं (बुद्धांची प्रवचनं) वाचत होते, आणि तरीही पहिले काही आठवडे मला काही म्हणता काही सुचत नव्हतं. पुढे ओळखीतले साधक आणि ध्यानाशी काडीचा संबंध नसलेले लोकही आपापली कुत्री-मांजरं गेल्यावर विचारायला येऊ लागले. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते आहे. मी भिक्खुणी नाही आणि डॉक्टरही नाही. जिथे परंपरांमध्ये मतभेद आहेत, तिथे ते आहेत असंच सांगितलं आहे.

“अगं, मांजरच तर होती!” असं लोक म्हणतात. इतकं दुःख करणं खरंच वेडेपणा आहे का?

म्हणणाऱ्यांशी वाद घालू नका, उगाच दमाल. पण स्वतःच्याच मनात शंका असेल तर मेत्तसुत्त, म्हणजे सगळ्या जिवांविषयी मैत्री शिकवणारं सुत्त, उघडून बघा. ज्यांचं सुख चिंतायचं त्यांची यादी तिथे दिली आहे: हलणारे आणि स्थिर, लांब, मोठे, मध्यम, आखूड, बारीक, स्थूल, दिसणारे, न दिसणारे, जवळ राहणारे, दूर राहणारे. माणूस आधी आणि मांजर नंतर असा क्रम त्यात नाही. संयुत्तनिकाय या सुत्तांच्या संग्रहात तर बुद्ध म्हणतात की या लांबलचक संसारात कधीच आपली आई झाला नसेल असा जीव शोधून सापडायचा नाही.

शोक फक्त माणसंच करतात असंही हे ग्रंथ मानत नाहीत. धम्मपदाच्या अट्ठकथेत (जुन्या भाष्यात) एका कुत्र्याची गोष्ट आहे. त्याचा गुराखी मालक एका पच्चेकबुद्धाला (गुरूविना स्वतःच बोध झालेल्या बुद्धाला) रोज जेवायला बोलावत असे आणि स्वतःला जमलं नाही की कुत्र्याला पाठवत असे. वाटेत ज्या झुडपांवर मालक काठी आपटायचा, तिथे थांबून हा कुत्रा भुंकायचा. पुढे पच्चेकबुद्ध गंधमादन पर्वताकडे निघून गेले, तेव्हा ते दिसेनासे होईपर्यंत कुत्रा भुंकत उभा राहिला आणि काळीज फुटून मेला. सिद्धार्थाचा घोडा कंथक, तोही असाच विरहानं गेला असं निदानकथा हे जुनं बुद्धचरित्र सांगतं. दोघेही तावतिंस देवलोकात जन्मले. कुत्र्या-घोड्यांच्या शोकाला ज्या परंपरेनं इतका मान दिला, ती तुमच्या शोकाला हसेल असं मला वाटत नाही.

अनित्य, अनित्य म्हणत वर्षानुवर्षं बसलो आणि आता ढसाढसा रडतोय. मग साधना वाया गेली का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा आलाय, आणि दर वेळी विचारणाऱ्याच्या आवाजात दुःखापेक्षा लाज जास्त असते.

बुद्धांच्या शेवटच्या दिवसांबद्दलच्या महापरिनिब्बानसुत्तातला त्यांचा शिष्य आनंद आठवा. पंचवीस वर्षं बुद्धांची सेवा केलेला, सगळी प्रवचनं ज्याला तोंडपाठ, असा माणूस. बुद्ध जाणार हे कळल्यावर तो आत जाऊन दाराला टेकून रडत उभा राहिला. बुद्धांनी त्याला बोलावून घेतलं. “पुरे आनंदा, शोक करू नकोस,” असं ते म्हणाले, प्रिय गोष्टींपासून ताटातूट व्हायचीच हे मी आधीच सांगितलं होतं, हेही म्हणाले. पण तिथे थांबले नाहीत. तू इतका काळ कायेनं, वाचेनं आणि मनानं मैत्रीपूर्वक माझी सेवा केलीस, तू पुण्य जोडलं आहेस, हेही त्याला सांगितलं. हा दुसरा भाग आपण सोडून देतो. रडणाऱ्या माणसाला त्यानं काय काय केलं याची आठवण करून देणं हे बुद्धांनी केलेलं सांत्वन आहे, आणि ते तुम्ही स्वतःसाठी करू शकता. वही घ्या आणि लिहा. मी लिहिलं होतं: पावणेदोन वर्षं एक दिवसाआड कातडीखाली सलाईन, शंभर मिली, सुई टोचताना तोंडानं तेच एक गाणं. पुण्याचा हिशेब म्हणून लिहिलं नव्हतं. मन रात्री फक्त चुकाच मोजतं, म्हणून लिहिलं.

आता दोन बाणांची गोष्ट. सल्लत्थसुत्तात (संयुत्तनिकाय ३६.६) बुद्ध म्हणतात, अज्ञ माणसाला दुखलं की एक बाण लागतो, आणि त्या दुखण्यावर तो झुरतो, छाती पिटतो, तो दुसरा बाण. पहिला बाण आर्यश्रावकालाही, म्हणजे धम्म समजलेल्या शिष्यालाही, लागतोच. मूळ सुत्त शरीराच्या दुखण्याबद्दल आहे, पण घरात मांजर नसणं हेसुद्धा शरीरातच दुखतं, हे ज्यांची गेलीय त्यांना माहीत आहे. डोळ्यांत पाणी येणं, घसा दाटणं, पहाटे पाचला दचकून जाग येणं हा पहिला बाण समजा. “मी आठवडाभर आधी डॉक्टरकडे नेलं असतं तर”, “इतकी वर्षं बसून मला हेही जमेना”, “माझ्याच वाट्याला का” हा दुसरा. साधनेचं काम दुसऱ्या बाणावर चालतं. पहिल्याला फक्त जागा द्यायची असते. रडू आलं तर रडा, आणि रडताना श्वास कुठे अडकतोय ते जमलं तर बघा. नाही जमलं तर नुसतं रडा.

किसा गोतमीची गोष्ट कुणी ऐकवली की मला राग येतो. असं का होतं?

कारण ऐकवणारा ती उलटी सांगतो. मूल मेलेल्या बाईला बुद्धांनी “सगळ्यांनाच मरायचंय” असं सांगितलं नाही. ज्या घरात कुणी मेलं नाही त्या घरातून मोहरी आण, म्हणून पाठवलं. ती दारोदार फिरली, लोकांनी आपापली माणसं सांगितली, आणि जे कळायचं ते तिला चालता चालता कळलं. सांत्वनाला आलेले लोक हे चालणं गाळून थेट तात्पर्यावर येतात. मग राग येणारच.

मज्झिमनिकायातल्या पियजातिकसुत्तात तर साक्षात बुद्धांच्या बाबतीत हे घडलंय. एकुलता एक मुलगा गेलेल्या गृहस्थाला ते म्हणाले, शोक प्रियजनांतूनच जन्मतो. गृहस्थाला ते अजिबात पटलं नाही. प्रियजनांतून तर आनंद येतो, असं म्हणत तो उठून निघून गेला. म्हणजे हे सत्य ऐकून चिडणारे तुम्ही काही पहिले नाही.

तुमची मोहरी अशी शोधा: ज्यांचा कुत्रा, मांजर, पोपट, गाय गेलीय अशा तीन-चार जणांना विचारा, “तुमचा कसा होता?” उत्तर देऊ नका, फक्त ऐका. एका आजोबांनी मला चाळीस वर्षांपूर्वीच्या बैलाबद्दल असं सांगितलं, जणू तो काल गोठ्यात होता.

ध्यानाला बसलं की तीच डोळ्यांसमोर येते. बसावं की काही दिवस सोडून द्यावं?

बसा, पण कमी वेळ. नेहमी तासभर बसत असाल तर दहा मिनिटं पुरे.

माझं सांगते. ठमी म्हणजे माझ्या बैठकीची घंटा होती. मी डोळे मिटले की आठ-दहा मिनिटांनी ती यायची, आसनाभोवती एक फेरी मारायची आणि मांडीच्या खळग्यात गोल होऊन पडायची. साडेचार किलो, शेवटी शेवटी जेमतेम तीन. ती गेल्यावर चौथ्या दिवशी बसले. श्वास ठीक चालला होता. मग लक्षात आलं की उजवा गुडघा आपोआप जरा बाहेर सरकलाय. जागा करून देत होता.

मी मोडून पडले, हे वेगळं सांगायला नको. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच झालं तेव्हा जरा बघता आलं. मांडीवर वजन नव्हतं, वजनाची वाट बघणं होतं. आणि वाट बघणं ही चक्क शरीरात जाणवणारी गोष्ट होती: मांडीचा स्नायू ताठ, पोट आत ओढलेलं, जिभेचं मूळ आवळलेलं. सतिपट्ठानात (जागरूकतेच्या साधनेत) ज्याला वेदनानुपस्सना, म्हणजे संवेदनांचं निरीक्षण, म्हणतात ती एरवी मला पुस्तकी वाटायची. इथे ती समोर येऊन बसली. सुखद, दुःखद, दोन्ही नाही, यांपैकी हे काय आहे? दुःखद. किती वेळ? चार श्वास. मग सैल झालं. मग पुन्हा आलं. “ठमी नाही” हा विचार सोडायचा प्रयत्न करू नका, तो सुटत नाही. विचार आला की शरीरात कुठे लागतंय तिकडे वळा, तिथे दोन-तीन श्वास थांबा, मग आनापानावर, म्हणजे श्वासावर, परत या. लाट मोठी असेल तर डोळे उघडे ठेवा, तळवे जमिनीवर टेकवा. बसणं असह्यच होत असेल तर चंक्रमण करा, म्हणजे पावलांवर लक्ष ठेवून येरझाऱ्या. शोकात शरीराला हालचाल हवी असते असा माझा अनुभव आहे, आणि पहिल्या दोन आठवड्यांत मी बसले त्यापेक्षा चाललेच जास्त.

एक सावधगिरी. “मी निरीक्षण करतोय” म्हणत दुःखावर झाकण घालणारेही असतात. महिनाभर डोळ्यांतून टिपूस नाही, चेहरा शांत, आणि मग कुणीतरी दूध सांडलं म्हणून आकाशपाताळ एक. विसुद्धिमग्ग या ध्यानग्रंथाचे लेखक बुद्धघोष यांनी उपेक्षेचा (इथे अर्थ मनाचा समतोल, दुर्लक्ष नाही) जवळचा शत्रू सांगितलाय तो हाच, अज्ञानातली बेफिकिरी. वरून ती अगदी उपेक्षेसारखी दिसते.

गेलेल्या प्राण्याला मैत्री पाठवता येते का?

पाचव्या शतकातल्या विसुद्धिमग्गात याबद्दल स्पष्ट सूचना आहे: मेलेल्या व्यक्तीवर मैत्रीभावना करू नये, त्यातून समाधी लागत नाही. त्यासोबत एका तरुण भिक्खूची गोष्ट येते. आपल्या आचार्यांना आलंबन, म्हणजे ध्यानाचा विषय, करून तो मैत्री करत होता, काही केल्या चित्त लागेना. थोर भिक्खूंनी सांगितलं, आलंबन तपास. तपासलं तर आचार्य वारलेले. मग दुसरं आलंबन घेतल्यावर चित्त लागलं.

हा नियम ध्यानाच्या तंत्राचा आहे. गेलेल्याबद्दल कृतज्ञता वाटू देण्यावर त्यानं बंदी घातलेली नाही. मी काय करते ते सांगते, पटलं तर घ्या. ठमी आठवली की छातीत जी ऊब येते तिच्यापासून सुरुवात करते, आणि ती ऊब जिवंत असलेल्यांकडे वळवते: आत्ता कुठेतरी दवाखान्याच्या पिंजऱ्यात असलेल्या मांजराकडे, त्या पिंजऱ्याबाहेर बसलेल्या माणसाकडे. तिबेटी परंपरेत मात्र मृत जीवासाठी थेट प्रार्थना केली जाते, “ॐ मणि पद्मे हूँ” हा मंत्रही म्हटला जातो. तुम्ही त्या परंपरेतले असाल तर विसुद्धिमग्गासाठी ते सोडण्याचं कारण नाही.

डॉक्टरांच्या सल्ल्यानं इंजेक्शन देऊन तिला जाऊ दिलं. पहिलं शील, जीव न मारण्याचं, मोडलं का?

गोड उत्तर हवं असेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

थेरवादी (पाली परंपरेच्या) अट्ठकथांत प्राणातिपाताची, म्हणजे जीव मारण्याची, पाच अंगं दिली आहेत: समोर जीव असणं, तो जीव आहे हे माहीत असणं, मारण्याचं चित्त, त्यासाठी प्रयत्न, आणि त्यानं मरण येणं. दयामरणात पाचही बसतात. म्हणून कडक थेरवादी आचार्य याला मान्यता देत नाहीत: वेदना कमी करा, सोबत राहा, पण मारू नका. महायानात करुणेच्या हेतूला जास्त वजन देणारे आचार्य सापडतात. दोन्ही बाजूंना प्रामाणिक साधक आहेत.

मी ठमीला इंजेक्शन दिलं. शेवटच्या दोन दिवसांत तिला मान उचलता येत नव्हती, तोंडात व्रण झाले होते, वास येत होता. आधी गुंगीचं औषध, मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस. मिनिटा-दोन मिनिटांत हृदय थांबलं. डोळे उघडेच राहिले. हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून सांगते: ते स्नायू सैल पडल्यामुळे होतं, ती तुमच्याकडे बघत नसते.

शील मोडलं नाही असं मी म्हणत नाही. मोडलं, आणि कोणत्या चित्तानं मोडलं तेही मला माहीत आहे. अंगुत्तरनिकायात मिठाच्या खड्याची उपमा आहे. तोच खडा पेलाभर पाण्यात टाकला तर पाणी पिववत नाही, गंगेत टाकला तर कळतही नाही. छोट्या पापाचं फळही तसंच, माणसाचं मन केवढं घडलंय त्यावर. मी ते वाक्य सुटकेसाठी वापरत नाही. ते मला पेला मोठा करायच्या कामाला लावतं.

तुम्ही उलट निर्णय घेतला असेल, शेवटपर्यंत थांबला असाल आणि तिला फार त्रास झाला असेल, तर तुम्हालाही रात्री झोप लागत नसणार. यातल्या कुठल्याही निर्णयाला निवांत झोपेची हमी नाही.

मी त्या क्षणी तिथे नव्हतो. आजार आधी ओळखला नाही. हे कसं विसरू?

विसरायचं कशाला? पाच नीवरणांत, म्हणजे ध्यानातल्या अडथळ्यांत, “उद्धच्च-कुक्कुच्च” येतं. कुक्कुच्च म्हणजे केल्या-न केल्याची रुखरुख. बुद्धांनी तिला गुलामीची उपमा दिली आहे: मालक म्हणेल तिकडे जायचं, स्वतःच्या मर्जीनं कुठेच नाही. रात्री दोन वाजता फोनवर जुने फोटो मोठे करून “इथेच बारीक दिसतेय ना?” असं शोधत बसणं हे तेच.

संखधमसुत्तात यावर उपाय आहे, आणि तो जीव मारलेल्या माणसासाठी सांगितलेला आहे, हे मुद्दाम लक्षात घ्या. जे झालं ते बरं झालं नाही, हे तो मान्य करतो. पश्चात्ताप करून केलेलं न केलेलं होणार नाही, हेही ओळखतो. पुढे ते कर्म सोडतो, आणि मग सर्व दिशांना मैत्री पसरवतो. क्रम महत्त्वाचा आहे. आधी कबुली, मैत्री नंतर. बरेच जण कबुली टाळून थेट मैत्रीकडे जातात आणि मग ती चिकटत नाही. मोठ्यानं, एकदाच, पूर्ण वाक्यात म्हणा: “तिचं खाणं कमी झालं होतं आणि मी कामात होतो म्हणून ते मनावर घेतलं नाही.” बस. त्यापुढे “मी नालायक” वगैरे जोडू नका, ती कबुली राहत नाही.

आणि त्या क्षणाबद्दल: पुष्कळ मांजरं आजारात आडोसा शोधतात आणि एकटी असताना जातात. तुम्ही पाणी आणायला उठलात आणि तेवढ्यात ती गेली, यात तिची तक्रार होती असं गृहीत धरू नका.

आता ती कुठे असेल?

थेरवाद म्हणतो, च्युतिचित्तानंतर (मरतानाच्या शेवटच्या चित्तानंतर) लगेच पुढचा जन्म, मधली अवस्था नाही. सर्वास्तिवादी हा जुना बौद्ध संप्रदाय आणि पुढे तिबेटी परंपरा मधली अवस्था मानतात, तिबेटी लोक तिला बार्दो म्हणतात, ती जास्तीत जास्त ४९ दिवसांची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या “बुद्ध आणि त्यांचा धम्म” या ग्रंथात आत्म्याचा पुनर्जन्म नाकारला आणि पृथ्वी, आप, तेज, वायू ही तत्त्वं विश्वातल्या त्यांच्या साठ्यात मिसळतात अशी मांडणी केली. तिन्हींत आत्मा नावाचा प्रवासी नाही. “तीच” ठमी कुठेतरी बसून माझी वाट बघतेय, हे यांतली कुठलीच परंपरा म्हणत नाही. हे ऐकून सुरुवातीला पोटात खड्डा पडतो.

तिर्यक योनीतून (प्राण्याच्या जन्मातून) वर जाता येतं का, असंही विचारतात. येतं. विमानवत्थू या पाली ग्रंथात चंपा नगरीतल्या गग्गरा पुष्करिणीच्या काठच्या बेडकाची कथा आहे. बुद्धांच्या आवाजाकडे कान लावून बसला असताना एका गुराख्याची काठी नकळत त्याच्यावर टेकली, बेडूक मेला आणि देव होऊन जन्मला. त्याला उपदेशातलं अक्षरही कळलं नव्हतं, नुसता आवाज आवडला होता. दुसरीकडे आंधळ्या कासवाची उपमाही आहेच: शंभर वर्षांनी एकदा वर येणाऱ्या कासवाची मान समुद्रावर तरंगणाऱ्या जोखडाच्या भोकात जावी, इतकं खालून माणसाच्या जन्माला येणं अवघड. दोन्ही एकाच परंपरेत आहेत. मला बेडूक आवडतो, म्हणून मी बेडूक सांगते.

तिच्या नावानं दान केलं, पुण्यानुमोदन केलं (आपलं पुण्य तिला अर्पण केलं), तर तिला पोचतं का?

जाणुस्सोणि नावाच्या ब्राह्मणानं हेच विचारलं होतं (अंगुत्तरनिकाय १०.१७७). बुद्धांचं उत्तर: पेत (प्रेत) योनीत असलेल्यांनाच पोचतं, देव, माणूस, प्राणी किंवा नरकात जन्मलेल्यांना नाही. मग तो ज्याच्यासाठी दिलं तो तिथे नसेल तर? तर तिथे असलेल्या तुमच्या दुसऱ्या कुणा नातेवाइकाला. तिथे कुणीच नसेल तर? इतक्या लांब संसारात तसं होणं शक्य नाही, आणि देणाऱ्याचं दान तरीही निष्फळ जात नाही.

मला हे उत्तर फार प्रामाणिक वाटतं. म्हणून दान करा, पण “तिला पोचलं का” याची पावती मागू नका. एखाद्या प्राण्याच्या उपचाराचं बिल भरा, उरलेली न उघडलेली औषधं दवाखान्यात देऊन या. अशोकाच्या गिरनारच्या शिलालेखात माणसांच्या चिकित्सेच्या जोडीनं पशूंची चिकित्साही कोरलेली आहे, तेव्हा या दानाला परंपरेचा आधार शोधायला लांब जावं लागत नाही.

विधी करायचा असेल तर साधा करा: त्रिसरण, पंचशील, मेत्तसुत्त, आणि “अनिच्चा वत सङ्खारा” (घडलेलं सगळं अनित्यच) ही गाथा. जपानमध्ये अनेक बौद्ध मंदिरांत पाळीव प्राण्यांसाठी रीतसर स्मरणविधी होतात, त्यामुळे “प्राण्यासाठी गाथा म्हणायच्या?” असं कुणी विचारलं तर गडबडू नका.

कुत्र्यात बुद्धस्वभाव, म्हणजे बुद्ध होण्याची क्षमता, असतो का?

चिनी झेन गुरू जाओजोऊ (जपानी उच्चार जोशू) यांना एका भिक्खूनं हेच विचारलं होतं. ते म्हणाले, “वू”, म्हणजे “नाही”. १२२८ साली संकलित झालेल्या एका प्रसिद्ध कोआनसंग्रहातला हा पहिलाच कोआन (गुरूनं ध्यानासाठी दिलेलं कोडं) आहे, आणि त्याचा अर्थ “नाही” असा घेणाऱ्याला गुरू हाकलून देतात. शोकात असताना या कोआनाच्या नादी लागू नका.

आमचा कुत्रा अजून आहे, पण थोड्या दिवसांचा सोबती. आत्ता काय करता येईल?

आधी वेदनाशामकं. साधना त्यानंतर. दुखणाऱ्या जिवाशेजारी सूत्र म्हणत बसण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा: याला दुखतंय का, आणि त्यावर काय देता येईल?

मग त्याच्याजवळ बसा आणि त्याच्या श्वासाबरोबर आनापान करा. स्वतःचा नाही, त्याचा श्वास. पोट वर, पोट खाली. हे मी ठमीबरोबर केलं आणि मला वाटतं आयुष्यातलं माझं सर्वांत एकाग्र ध्यान तेच होतं. ओळखीच्या आवाजात हळू गाथा म्हणा. त्याला अर्थ कळणार नाही, आवाज कळेल. घरात भांडणं, मोठ्यानं रडणं, दारं आपटणं शक्यतो टाळा.

मुलाला काय सांगू?

“मेली” हा शब्द वापरा. “झोपली” म्हणू नका, मूल रात्री झोपायला घाबरतं. “देवाघरी गेली” म्हटलं की परत कधी येणार हा पुढचा प्रश्न तयार असतो. तिचं शरीर काम करेनासं झालं, ते आता दुखत नाही, ती परत येणार नाही. इतकं पुरतं. मग त्याला एक काम द्या: खड्ड्यात फूल ठेवणं, चित्र काढणं. आणि तुम्ही त्याच्यासमोर रडलात तरी काही बिघडत नाही.

घरातलं दुसरं मांजर शोधत फिरतंय, नीट खात नाही.

त्याला त्याची वेळ द्या, जेवणाच्या आणि खेळाच्या वेळा मोडू नका. पण मांजरानं दिवसभर काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा, “शोक आहे, होईल बरं” म्हणून थांबू नका. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठून काही दिवसांत ते गंभीर आजारी पडू शकतं.

किती दिवसांत बरं वाटायला हवं?

वेळापत्रक नाही. पण झोप, जेवण, काम आठवडेच्या आठवडे विस्कटलेलं असेल, किंवा जगू नये असं वाटत असेल, तर समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. आजच कुणाला तरी सांगा. त्या अवस्थेत लांबच्या मौन शिबिराला जाऊ नका. दहा दिवस स्वतःच्या मनाबरोबर कोंडून घेणं हे तेव्हा औषध ठरत नाही.

मी बौद्ध नाही. हे मला चालेल का?

श्वास सगळ्यांचा सारखाच. घ्या हवं ते.

दुसरं पिल्लू आणलं तर ती आसक्ती होईल का?

धम्मपदात आहेच: “पियतो जायती सोको, पियतो जायती भयं.” प्रियातून शोक, प्रियातून भय. हे वाचून कुणी पुन्हा प्राणी पाळायचा नाही असं ठरवलं तर तो निर्णय मला समजतो. पण मनाला विचारून बघा: प्राणी नकोय, की शोक नकोय? शोक टाळण्यासाठी दार बंद करणं हा वैराग्याचा प्रकार नाही, तो धसका आहे. आणि घाईनं त्याच रंगाचं, त्याच जातीचं पिल्लू आणून त्याला तेच नाव ठेवणं, यात त्या नव्या जिवावर अन्याय होतो. मधे काही काळ जाऊ द्या. अनाथ पिल्लू दारात येऊन ओरडायला लागलं तर मात्र हा परिच्छेद विसरा.

तिची वाटी, पट्टा, अंथरूण यांचं काय करू?

घाई नाही. सुजात जातकात (बुद्धांच्या पूर्वजन्मांच्या कथांपैकी क्रमांक ३५२) एक बाप आपल्या मेलेल्या वडिलांसाठी खाणंपिणं सोडून शोक करत असतो. मुलगा सुजात एका मेलेल्या बैलापुढे गवत-पाणी ठेवून “खा, पी” म्हणू लागतो. बाप धावत येतो: वेडा झालास का? मुलगा म्हणतो, बैलाचं डोकं, पाय, शेपूट अजून आहे, तो उठेलही कदाचित, आजोबांचं तर काहीच उरलेलं नाही. बाप भानावर येतो.

मी ठमीच्या वाटीत अकरा दिवस रोज ताजं पाणी भरत होते. माझ्या घरात सुजात नव्हता. बाराव्या दिवशी पाणी कुंडीत ओतलं, वाटी घासली आणि फडताळात इतर वाट्यांबरोबर ठेवली. आसन मात्र झटकलेलं नाही. त्यावर अजून तिचे केस आहेत, पांढरे, बसलं की पायाला टोचतात.